खाला, तुमच्या खात्यात पैसे आले तर चालतील?

पत्र: आमच्या वरच्या खोलीत गेल्या जुलैपासून काबूलची एक मुलगी भाड्याने राहते. काबूल विद्यापीठात अर्थशास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेवढ्यात तिकडे मुलींचं शिक्षणच बंद झालं. आता पुण्यात बीबीए फायनान्सला आहे, पुन्हा पहिल्या वर्षापासून. मला ‘खाला’ म्हणते, त्यांच्याकडे मावशीला खाला म्हणतात. वडील काबूलला कापडाचा व्यापार करतात. पैसे तिथल्या सराफाकडे भरतात आणि इथला एक माणूस ते पोचवतो. या महिनाअखेर एक लाख वीस हजार रुपये फी भरायची आहे. तो माणूस म्हणतो, कुठल्याही भारतीय खात्याचा नंबर द्या, दोन तासांत जमा. हिचं अजून बँकेत खातं नाही, दोन बँकांनी परत पाठवलं. तिने मला विचारलं, खाला, तुमच्या खात्यात आले तर चालतील? मी हो म्हणणार होते, पण मुलाने अडवलं. तिचे एक मामा जर्मनीत हॅम्बुर्गला असतात. पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपते. शिकून तिला नोकरी कुठे मिळेल? आणि मी तिला नेमकी कशी मदत करू? भाडं रोख देते, करार वगैरे केलेला नाही. – एक घरमालकीण, पुणे

ताई,

मुलाने अडवलं ते फार बरं केलं. खात्याचा नंबर देऊ नका. ओळखीच्या दुसऱ्या कुणाचाही मिळवून देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मात्र हे नाहीच. ते शेवटचं आहे: करार वगैरे केलेला नाही. त्याकडे येतोच, आधी पैशांचं बघू.

पैसे पाठवायच्या या रीतीला हवाला म्हणतात. हवाल्यात पैसे सीमा ओलांडत नाहीत. वडील काबूलच्या सराय शहजादा या सराफ बाजारात अफगाणी नोटा मोजून देतात. (आपल्याकडे सराफ म्हणजे सोनं-चांदीवाला. त्यांच्याकडे अजून मूळ अर्थाने, म्हणजे नाणी आणि नोटा बदलून देणारा.) सराफ इथल्या आपल्या माणसाला निरोप धाडतो आणि इथला माणूस त्याच्याकडे पडून असलेले रुपये देऊन टाकतो. दोघांचा आपसातला हिशेब पुढे कधीतरी फिटतो. वडिलांचे पैसे कष्टाचे आहेत यात शंका नाही. पण तुमच्या खात्यात येतील ते वडिलांचे पैसे नसतील. ते इथले रुपये असतील, आणि ते कुठून आले हे तो माणूस तुम्हाला सांगणार नाही.

साधारण असं होतं. एक लाख वीस हजार एकदम येत नाहीत. चार अनोळखी नावांवरून यूपीआयने तीस-तीस हजार येतात. त्यातलं एखादं नाव ऑनलाइन फसवणुकीच्या साखळीतलं निघतं. फसलेला माणूस १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतो, सायबर पोलीस पैशांचा माग काढत एकेका खात्यावर येतात आणि बँकेला तेवढी रक्कम रोखून धरायला सांगतात. कधी तेवढी रक्कम अडकते, कधी अख्खं खातं. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तर खुलासा तिथल्या पोलीस ठाण्याला द्यायचा. तोवर तुमची पेन्शन, विजेचं बिल, औषधाचे पैसे सगळं त्याच खात्यात अडकून पडतं.

दुसरी बाजू फेमाची, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याची. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून, अधिकृत बँक किंवा मनी-ट्रान्सफर संस्था सोडून दुसऱ्या मार्गाने पैसे स्वीकारणं, हेच कलम ३ चं उल्लंघन आहे. तुम्ही त्यातला एक रुपयाही ठेवला नाही तरी. कलम १३ प्रमाणे दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत तीन लाख साठ हजारांपर्यंत. मुलीचं नुकसान त्याहून मोठं. परदेशी विद्यार्थिनीचं नाव अशा चौकशीत आलं की व्हिसाची मुदतवाढ अवघड होते, आणि तिच्यासाठी मुदतवाढ नाकारली जाण्याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको.

हे तिला सांगताना एक काळजी घ्या. ‘तुमचे वडील बेकायदा काहीतरी करतात’ असा सूर नको. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर अमेरिकेत होते, ते गोठवले गेले. देशात नोटांची टंचाई झाली आणि सुरुवातीला खातेदाराला आठवड्याला फक्त दोनशे डॉलर, किंवा वीस हजार अफगाणी, काढता येत. परदेशी बँकांनी अफगाण बँकांशी व्यवहार बंद केले किंवा अगदी कमी केले. तालिबानवरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांतून घरगुती पैसे पाठवायला नंतर सवलती मिळाल्या. पण बँकांना नियमापेक्षा चौकशीची भीती जास्त असते, त्यामुळे रस्ता कागदावर उघडला तरी व्यवहारात अरुंदच राहिला. अशा वेळी सामान्य माणसाने सराफाकडेच जायचं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलंय. तिकडची रीत ती, इकडचा कायदा हा. फायनान्स शिकणाऱ्या मुलीला एवढं सांगितलं तरी ती समजून घेईल. परकीय गंगाजळीचा धडा तिच्या वर्गात कुणाला नीट कळत असेल तर तिलाच.

मग फी कशी भरायची? हॅम्बुर्गचे मामा.

मामांनी स्वतःच्या पगाराच्या खात्यातून थेट कॉलेजच्या खात्यात बँकेने पैसे पाठवायचे. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. कारण पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि कारण, तिन्ही एकाच कागदावर येतात. त्यासाठी मुलीने उद्याच कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन फीचं मागणीपत्र घ्यावं. लेटरहेडवर, शिक्क्यासह, आणि त्यात तिचं पासपोर्टवरचं नाव, नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रम, वर्ष, रक्कम, कॉलेजच्या खात्याचा नंबर आणि बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याचा कोड. आयएफएससी कोडवर परदेशातून पैसे येत नाहीत, आणि गंमत म्हणजे लेखा विभाग नेहमी तोच लिहून देतो. स्विफ्ट कोड मागून घ्या. कॉलेजचं खातं परदेशी रक्कम घेऊ शकतं का, हेही तिथेच विचारायचं. काही कॉलेजांचं खातं सहकारी बँकेच्या शाखेत असतं, ती शाखा परकीय चलनाचे व्यवहार करत नाही आणि मग पैसे आठवडाभर फिरून परत जातात.

मामांना फोनवर दोन गोष्टी सांगायच्या. एक, खर्चाचा पर्याय निवडताना ‘सगळा खर्च पाठवणाऱ्याचा’ हा निवडायचा. नाहीतर वाटेतली मधली बँक आपला वाटा कापून घेते, कॉलेजला दीड-दोन हजार रुपये कमी पोचतात, संगणकावर फी ‘अपूर्ण’ दिसते आणि परीक्षेचा अर्ज अडतो. हे नेहमी होतं. तरीही थोडे जास्तच पाठवलेले बरे. दोन, ‘कारण’ या रकान्यात नुसतं ‘फॅमिली’ किंवा ‘हेल्प’ लिहायचं नाही. ट्यूशन फी, मुलीचं पूर्ण नाव, कॉलेज, पुणे, नोंदणी क्रमांक, एवढं सगळं लिहायचं. अफगाण नाव दिसलं की बँकेची यंत्रणा ते निर्बंधांच्या यादीशी ताडून बघते. यादीतली नावं आणि सामान्य लोकांची नावं सारखीच असतात, त्यामुळे निरपराध माणसाची रक्कमही थांबते. माहिती पूर्ण असेल तर ती एक-दोन दिवसांत सुटते. माहिती तुटक असेल तर मामांना ईमेल येतो, तो स्पॅममध्ये जातो आणि दोन आठवडे निघून जातात. देशाचं नाव लपवायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. लपवलेलं नंतर सापडलं की खातंच बंद होतं.

मामांनी हे आपल्या कमाईतून, भाचीला मदत म्हणून द्यावं आणि तसं एक पानी पत्र सही करून, पासपोर्टच्या प्रतीसह पाठवावं. वडील त्यांची परतफेड कशी करतात हा जर्मनीच्या कायद्याचा प्रश्न आहे. परवान्याशिवाय पैसे पोचवण्याचा धंदा तिकडेही चालत नाही, तेव्हा मामांनी तिथल्या जाणकाराला विचारूनच ते ठरवावं.

महिनाअखेरीची मुदत गाठली जाईलच असं नाही. म्हणून मागणीपत्र घ्यायला जाईल त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्राकडेही एक प्रत द्यावी. पैसे वाटेत असल्याचा पुरावा जोडला, म्हणजे मामांच्या बँकेची पावती जोडली, तर बहुतेक कॉलेजं थांबतात.

आता बँक खातं. दोन बँकांनी परत पाठवलं, कारण काउंटरवरच्या माणसाने तिला साधं बचत खातं उघडायचं समजून आधार मागितला असणार. परदेशी विद्यार्थ्याचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी लोकांसाठीच्या रुपयांतल्या खात्याच्या, प्रकारचं असतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे: व्हिसा आणि इमिग्रेशनचा शिक्का असलेला पासपोर्ट, फोटो आणि इथल्या संस्थेचं प्रवेशपत्र, एवढ्यावर खातं उघडता येतं. पाकिस्तानी विद्यार्थ्यांना रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, अफगाण विद्यार्थ्यांना त्यात ती अट नाही. पण उघडायचं की नाही हे बँकेच्या मर्जीवर आहे, म्हणून भांडून उपयोग नाही. मोठ्या सरकारी बँकेची, परकीय चलनाचं काम करणारी शाखा गाठायची. विद्यापीठाजवळच्या शाखेत परदेशी मुलांची खाती आधीपासून असतात, त्यामुळे तिथे समजवावं लागत नाही. सकाळी अकराच्या सुमारास, महिन्याच्या मधल्या आठवड्यात जायचं, आणि काउंटरवर न थांबता थेट शाखा व्यवस्थापकांना भेटायचं.

याच नियमात एक खोच आहे. स्थानिक पत्ता तीस दिवसांत द्यावा लागतो आणि त्याची पडताळणी होईपर्यंत खात्यात परदेशातून एक हजार डॉलरपेक्षा जास्त येऊ शकत नाहीत. वर एकूण पन्नास हजार रुपयांची मर्यादा. म्हणजे कॉलेजचं खातं परदेशी रक्कम घेत नसेल आणि मामांना पैसे मुलीच्या खात्यात पाठवावे लागले, तर फीएवढी रक्कम पत्ता सिद्ध झाल्याशिवाय येणारच नाही.

तो पत्ता तुमचा आहे. मदत कशी करू असं विचारलंत ना? अशी.

भाडेकरार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. करार नसताना वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खर्च फार नाही. समजा भाडं नऊ हजार, अनामत तीस हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडं ९९,०००. अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून अकरा महिन्यांचे २,७५०. बेरीज १,०१,७५०, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या वर, तीनशे धरून चाला. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंट याचेच तीन-चार हजार सांगतात.

घरबसल्या होणारी ऑनलाइन नोंदणी आधारच्या बोटांच्या ठशांवर चालते. मुलीकडे आधार नसेल तर दोघींना दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागेल: मूळ पासपोर्ट, व्हिसा, दोन साक्षीदार, तुमचं आधार आणि पॅन, घराच्या कराची पावती किंवा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा). गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी रहिवाशाला आधार काढता येतं. त्याची मुदत व्हिसाइतकीच असते. जुलैपासून ती इथेच असेल तर दिवस मोजा, भरत आले असतील.

करारापेक्षाही तातडीचं एक काम तुमच्याकडून बहुधा राहिलंय, तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही म्हणून म्हणतो. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने त्याची ऑनलाइन माहिती द्यायची असते. लोक अजून त्याला सी फॉर्म म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला, पण ही जबाबदारी तशीच आहे. पोर्टलवर मालक म्हणून एकदा नोंद करायची, मग तिचा फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, येण्याची तारीख भरायची. अर्धा तास लागतो. राहून गेलं असेल तर आज भरा, खरी तारीख घालून. उशीर झाला म्हणून आजची तारीख टाकणारे लोक आहेत. मग मुलीच्या निवासनोंदीत जुलै, तुमच्या फॉर्मात भलताच महिना, आणि मुदतवाढीच्या वेळी तिचा अर्ज अडकतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थिनीने चौदा दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. ती तिने केली आहे का, तिच्याकडे निवास परवाना आहे का, हे बघा. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे आहे. पोलिसांची भाडेकरू नोंद वेगळी, तीही करून टाका.

खातं उघडलं की आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात येईल. एनआरओ खात्यावरच्या व्याजातून बँक सरसकट तीस टक्के आणि वर उपकर कापते: शंभर रुपये व्याजावर ३१ रुपये २० पैसे. तिचं उत्पन्न करपात्र नसेल तर पॅन काढून आणि विवरणपत्र भरून ते परत मिळतं. पैसे थोडे असतात, पण दरवर्षी भरलेलं विवरणपत्र पुढे दुसऱ्या देशाच्या व्हिसाला सोन्यासारखं उपयोगी पडतं. ती धर्मामुळे व्याज घेत नसेल, अनेकजण घेत नाहीत, तर बिनव्याजी चालू खातं मागता येतं. मात्र त्यात किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते. बहुतेक जण बचत खातंच ठेवतात आणि व्याज दान करतात. तो निर्णय तिचा, आपण सुचवायचाही नाही.

पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. इथे नावांचा घोळ सुरू होतो, आणि हा घोळ जरा सविस्तर सांगतो, कारण पैशांपेक्षा याने जास्त अर्ज परत येतात. अफगाण ओळखपत्रावर, तज़किऱ्यावर, माणसाचं नाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव असतं. आडनाव असेलच असं नाही. पासपोर्ट काढताना कुळाचं किंवा घराण्याचं नाव आडनाव म्हणून लागतं, कधी तेही नाही. एकच नाव असेल तर पॅनच्या अर्जात ते आडनावाच्या रकान्यात घालायचं. वर आणखी फारसी लिपीतून रोमन लिपीत येताना हुसैनी हे एकच नाव कुठे ओ, कुठे यू, शेवटी कुठे आय, कुठे डबल ई असं होऊन बसतं. बारावीच्या प्रमाणपत्राच्या भाषांतरात एक, पासपोर्टवर दुसरं, कॉलेजच्या ओळखपत्रावर तिसरं. उपाय एकच: पासपोर्टवर जे आहे ते, अक्षराला अक्षर, सगळीकडे. कॉलेजच्या नोंदीत चूक असेल तर आत्ताच, पहिल्या वर्षातच दुरुस्त करून घ्यायची. पदवी छापल्यावर तेच काम कैक पटींनी वाढतं. जुन्या कागदांसाठी ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवायचं.

तारखांचंही तसंच. तिच्या जुन्या कागदांवरचं वर्ष सौर हिजरी, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. महिन्यांची नावं चक्क राशींची आहेत: हमल म्हणजे मेष, जदी म्हणजे मकर. मात्र त्यांचा मकर महिना डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होतो, आपल्या संक्रांतीची वाट बघत नाही. त्यामुळे १० जदी १३९९ म्हणजे ३० डिसेंबर २०२०, आणि २० जदी १३९९ म्हणजे ९ जानेवारी २०२१. महिना तोच, पण इसवी सन काढायला एका तारखेला ६२१ मिळवायचे आणि दुसरीला ६२२. भाषांतर करणारा घाईत सगळीकडे ६२१ मिळवतो आणि गुणपत्रिकेवरची तारीख एक वर्ष मागे जाते. तिच्याकडच्या प्रत्येक भाषांतरावरच्या तारखा तिने स्वतः मूळ कागदाशी ताडून बघाव्यात. तुम्हाला त्यातलं काही करायचं नाही, फक्त आठवण करा.

पासपोर्टचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. व्हिसाची मुदतवाढ पासपोर्टच्या मुदतीपुढे मिळत नाही, म्हणून एक वर्ष उरलं की हालचाल सुरू करायची. आधीच्या सरकारच्या राजनयिकांनी दिल्लीतला दूतावास बंद करत असल्याचं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने आपला प्रतिनिधी नेमला. नूतनीकरण कुठे आणि कसं चालू आहे, हे त्या आठवड्यात फोन करून विचारल्याशिवाय प्रवास करू नये. मूळ पदव्या आणि तज़किरा कुणाच्याही हाती सोडू नये, एजंटच्या तर नाहीच. दाखवायचं, प्रत द्यायची, मूळ परत घ्यायचं. नूतनीकरण रखडलं तर अर्जाची पावती ई-एफआरआरओच्या अर्जाला जोडून मुदत संपण्याआधी कळवायचं. मुदत उलटल्यावर तेच कारण सांगितलं तर उपयोग होत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाऊन येते म्हणाली, तर मात्र तुम्ही तिच्याशी बसून बोला. डिसेंबर २०२१ पासून तिथे ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला बाईबरोबर जवळचा पुरुष नातेवाईक लागतो. २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठं बंद झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईला शिष्यवृत्तीवर निघालेल्या मुलींना काबूलच्या विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं. त्यांच्याकडे व्हिसा होता, तिकीट होतं. जाणं सोपं आहे, परत निघण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आईला भेटायचंच असेल तर आईने तिसऱ्या देशात यावं, महाग पडलं तरी.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर भारतातला रस्ता अरुंद आहे. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरात बसून कॅनडातल्या ओळखीच्यांचे हिशेब लिहिणं हेही कामच, पैसे डॉलरमध्ये आले म्हणून ते वेगळं ठरत नाही. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप मात्र होऊ शकते. कॉलेजचं तसं पत्र घ्यायचं, आणि सुरू करण्याआधी ई-एफआरआरओला लेखी विचारायचं. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी किमान पगाराची अट असते, गेली काही वर्षं ती वर्षाला १६ लाख २५ हजार रुपये अशी होती. नुकत्याच पास झालेल्या बीबीएला एवढा पगार कोण देणार? सीए करायचं तर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तिथेही व्हिसा आडवा येतो.

म्हणून आमचं मत: अशा मुलीने देशाला बांधलेली पात्रता घेऊ नये. पेपरागणिक पुढे सरकणारी, कुठल्याही शहरात परीक्षा देता येणारी घ्यावी. एसीसीए ही लेखापालांची आंतरराष्ट्रीय पात्रता तशी आहे. वरच्या टप्प्याच्या पेपरांना सात वर्षांची मुदत असते, त्याखालचे पास झालेले पेपर तसेच टिकतात, आणि देश बदलला तरी उरलेले पुढच्या शहरात देता येतात. आखातात या पात्रतेला मानही आहे. गुंतवणुकीच्या क्षेत्रात जायचं असेल तर सीएफए ही त्या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय परीक्षा. पदवी पूर्ण व्हायला तेवीस महिने किंवा त्याहून कमी उरले की पहिल्या पातळीला बसता येतं, आणि गरजूंसाठी त्यांची अ‍ॅक्सेस स्कॉलरशिप आहे, तिच्यात फी बरीच उतरते. परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट चालू हवा, तेव्हा नूतनीकरण आधी, नोंदणी मग. दोन्ही एकदम सुरू करू नयेत. सुरू सगळे करतात, फी जाते आणि धड एकही होत नाही.

तिसरा पर्याय इथल्या कॉलेजात तिला कुणी सांगणार नाही: इस्लामिक फायनान्स, म्हणजे व्याजाशिवायचा वित्तव्यवहार. क्वालालंपूरला मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २००५ मध्ये स्थापन केलेलं इनसीफ विद्यापीठ आहे, बहारीनच्या आओफी या संस्थेची लेखापालांसाठीची प्रमाणपत्रं आहेत. तिला दारी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी भाषा येते, अरबी लिपी वाचता येते, आणि कर्जरोखे आणि सुकूक (व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नातला वाटा देणारे रोखे) यांतला फरक तिला पाठ करावा लागणार नाही. या क्षेत्रात तिचं काबूलचं असणं ही अडचण न राहता भांडवल होतं. बीबीएच्या तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर घेतला तर तिकडच्या मास्टर्सच्या अर्जाला तो जोडता येईल.

राहिली रोख भाड्याची गोष्ट. खातं उघडेपर्यंत रोख घ्या, पण दर महिन्याला पावती द्या. पाच हजारांवरच्या रोख भाड्याच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, ते लावून त्यावर सही करा. वहीत दोन रकाने आखा, जमा आणि बाकी. तिला समजावून सांगावं लागणार नाही, जमा, बाकी, हिशेब, कर्ज हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत. खातं उघडल्यावर भाडं खात्यातूनच घ्या, म्हणजे तिच्या स्टेटमेंटमध्ये पत्ता आणि भाडं दोन्ही दिसत राहतील. आणि पावतीवर तुम्ही घरात हाक मारता ते नाव लिहू नका. पासपोर्ट समोर ठेवा, आणि त्यावर आहे तसंच, रोमन लिपीत, अक्षर न्‌ अक्षर उतरवा.